तिसऱ्या खोलीचा दाखला

१२ जाने., सोम.
पुन्हा कचेरी. इंदिरानगरहून दोन रिक्षा बदलून. माहिती अधिकाराच्या अर्जाचं उत्तर आज मिळणार होतं. खिडकीवरचा म्हणे, "मॅडम, फाईल साहेबांच्या टेबलावर." साहेब कुठे? "साइटवर." कसली साइट? यांनी बांधलंय काय! देवळ्याकडच्या माझ्या जुन्या शाळेची तिसरी खोली कागदावर पूर्ण होऊन दोन वर्षं झाली. जागेवर बोरीचं झुडूप. चौथीची पोरं पत्र्याच्या पडवीत बसतात.

२० जाने.
वैशालीचा फोन. माझ्यानंतर मुख्याध्यापिका तीच. पडवीचा वासा वाकलाय, पोरांना मारुतीच्या देवळात हलवलं. तिथे फळा नाही. घंटा मात्र दर पाच मिनिटांनी वाजते.

२ फेब्रु.
कागद मिळाले एकदाचे. पूर्णत्वाचा दाखला. 'काम समाधानकारकरीत्या पूर्ण.' खाली ठेकेदाराची सही, शाखा अभियंत्याची, आणि मुख्याध्यापिकेची. म्हणजे माझी. शिक्क्यासकट.
जेवण गेलं नाही.

३ फेब्रु.
आठवलं सगळं. मार्चअखेर. अभियंता साहेब शाळेत आले. "बाई, आज सही नाही झाली तर निधी परत जाईल. काम एप्रिलात सुरू." सगळेच मुख्याध्यापक करायचे तसं. निधी जाऊ नये म्हणून खोली व्हायच्या आधीच झाली असं लिहून द्यायचं. न वाचता केली असंही नाही, वाचून केली. वर चहा पाजला त्याला! मेमध्ये निवृत्त झाले, शाल-नारळ घेऊन घरी. मूर्ख बाई.
नितीन म्हणतो, "आई, आता गप्प बस. पेन्शन अडकवतील." पोराचं खरं आहे, म्हणूनच त्याच्यावर चिडले.

११ फेब्रु.
वरच्या कार्यालयात तक्रार दिली. पहिल्याच परिच्छेदात माझी सही कबूल. आवक-जावकच्या कारकुनाने दोनदा वाचलं. "मॅडम, हे तुमच्यावरच शेकेल." म्हटलं ठाऊक आहे, पोच द्या. तर म्हणे शिक्क्याची शाई संपलीय, उद्या या. बसून राहिले. अर्ध्या तासाने शाई सापडली.

२७ फेब्रु.
सुनावणीचं पत्र. ९ मार्च, स. ११. भीतीच वाटते, उगाच कशाला खोटं लिहू.

६ मार्च
शाळेपुढे दोन ट्रॅक्टर विटा उतरल्या. दोन वर्षांनी! शाळा समितीचे अध्यक्ष दादाजी अप्पा फोनवर, "बाई, इंजिनेर साहेब सोता आल्ते. म्हने तक्रार मागं घ्या, लगेच पाया खांदतो. नाय तं चौकशी व्हईस्तोवर एक वीट हालनार नाय." म्हणजे खोली हवी तर चोराला सोडा. आणि सोडला की माझी सहीही आपोआप खरी. किती सोयीचं.

८ मार्च, रवि.
सकाळी वैशालीचा फोन. आधी तब्येत विचारली, हवापाणी झालं. मग, "बाई, घ्या ना मागे. पोरं मधल्या सुट्टीत विटांवर जाऊन बसतात. आपली जागा कुठली, यावरून भांडतात."
मी भडकले. म्हटलं, अगं, त्या अभियंत्याकडे अशा कागदावरच बांधलेल्या अकरा शाळा आहेत, त्यांचं काय?
मग म्हणाली, "बाई, माझ्याकडे एकच आहे."
फोन कोणी ठेवला आठवत नाही. सुनावणी उद्या अकराला.