चमकीवाला ठिपका

इरफानभाय,

मी अब्बांबरोबर क्लबवर चाललेय, रायफल चालवायला. तुला मुद्दाम उठवलं नाही.

अब्बा माझ्यासाठी कमी दारूची काडतुसं भरतात आणि ओळखायला बुडावर माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका देतात. गेल्या शुक्रवारी त्या डब्यात फुल दारूची तूच टाकलीस. ठिपकेपण दिलेस, पण चमकीवाले! ती बाटली आपल्या धाकट्या नूरैनची. शाळा सोडलीय मी, डोळे नाही फुटले माझे.

तुझे माबेलातले दोस्त "बेबी काडतूस" म्हणून हसतात, म्हणून तुला मी घाबरून घरी बसलेली हवी होते ना? त्या फुल काडतुसांच्या धक्क्याने खांदा काळानिळा झालाय. तरी आज जाणार आणि हलकीच मारणार, सगळ्यांसमोर. धक्का कमी बसला की डोळे मिटत नाहीत आणि गोळी मधोमध लागते. हसू दे त्यांना.

पण अब्बांना वाटतंय, चूक त्यांचीच झाली. दारू मोजायचा काटा चारदा तपासला त्यांनी. काल अम्मीला म्हणाले, "माझा हात आता भरवशाचा नाय, यापुढे भरणार नाय."

मी तुझं नाव घेतलेलं नाही. आम्ही गालाला, क्लबवर पोचायच्या आत त्यांना फोन कर. पोळ्या डब्यात आहेत, पण आधी फोन, मग नाश्ता.

रुबिना