सहा शिड्यांचा तलाव

माझ्या एकुलत्या एक मेहुण्याला, सर्वांत जुन्या मित्राला आणि (का ते पुढे येईलच) जीवदात्याला,

वाकून नमस्कार. तू माझ्याहून फक्त चार महिन्यांनी मोठा, तेव्हा एवढं वाकण्याची गरज नव्हती, पण आज मनातून तसं आलं. काही काम आहे म्हणून लिहितोय असा गैरसमज करून घेऊ नकोस. काम काहीही नाही. बऱ्याच दिवसांत खुशाली कळली नाही, एवढंच कारण. तुझी पाठ आता कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? बाबांना कानाचं नवीन यंत्र आणल्याचं कळलं. ते नीट चालत नसेल तर दुरुस्तीची फार घाई करू नये, असं माझं आपलं मत. या वयात माणसाला थोडं कमी ऐकू आलेलं बरं. इकडे आम्ही दोघंही मजेत आहोत, तुझ्या बहिणीचे गुडघे सोडून. त्या गुडघ्यांवरूनच सगळं रामायण सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगतो.

डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं की रोज अर्धा तास पाण्यात चालायचं, म्हणजे सांध्यांवर भार येत नाही. सार्वजनिक तलाव शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि त्याच्या पायऱ्या अशा गुळगुळीत की दुखरे गुडघे घेऊन जाणारा माणूस मोडकी कंबर घेऊन परत यावा. तेव्हा मी जेवताना सहज म्हणून गेलो, की मग आपण मागच्या अंगणातच सोय करू. (मागचं अंगण तुला आठवत असेल. मी तिथे टोमॅटो लावले होते आणि त्यांनी उगवायला साफ नकार दिला होता.) माझ्या डोळ्यांपुढे एक मोठासा टब होता. त्यात ती उभी राहील, जागच्या जागी पाय हलवेल आणि मी खुर्चीवर बसून घड्याळ बघेन. तिच्या डोळ्यांपुढे काय होतं ते मला आठवड्याने कळलं, जेव्हा तलाव बांधणारे हौदवाले गृहस्थ आराखड्याची भलीमोठी गुंडाळी घेऊन दारात उभे राहिले. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, एका टोकाला तीन फूट खोल आणि दुसऱ्या टोकाला आठ. त्या आठ फुटांवर एक फळी काढली होती आणि फळीवरून एक इवलासा माणूस हात पसरून उडी घेत होता. त्याला टक्कल होतं. मी विचारलं, हा कोण? तर हौदवाले म्हणाले, "तुम्ही. ताईंनी मुद्दाम काढायला सांगितलं."

आता इथे मी तुला आपल्या दोघांतल्या त्या गोष्टीची आठवण करून देतो. तू विसरला असशील असं नाही, पण गेली एकतीस वर्षं आपण ती एकमेकांशीसुद्धा मोठ्याने बोललेलो नाही. मी कालव्याच्या काठावर वाकून चेंडू काढायला गेलो आणि बुटांसकट आत गेलो. तू उडी मारून माझी कॉलर धरलीस आणि मला पोत्यासारखं ओढून बाहेर काढलंस. मग आपण दोघं निथळत तुमच्या घरी गेलो. दारात बाबा उभे होते, आणि कालव्यात उतरायचं नाही अशी तुला त्यांची सक्त ताकीद होती. त्या क्षणी तू तोंड उघडलंस आणि म्हणालास, "माझा पाय घसरला बाबा, यानं मला वाचवलं." बाबांनी मला मिठीत घेतलं. माझ्या तोंडात तेव्हा अजून कालव्याचं पाणी होतं, त्यामुळे मला खुलासा करता आला नाही. नंतर तोंड रिकामं झालं, पण तोवर उशीर झाला होता. पुढे लग्नाचं निघालं तेव्हा माझी नोकरी धड नव्हती, घर भाड्याचं होतं, आणि तरी बाबा म्हणाले की ज्यानं माझा मुलगा परत आणला त्याला मुलगी द्यायला मी कागदपत्रं बघणार नाही. म्हणजे पाया तू घातलास आणि त्यावर संसार मी बांधला. (गोष्टीत पुढे जो भोवरा आला तो मी घातलेला नाही. तो बाबांनी घातला. मी फक्त त्याला हरकत घेतली नाही.)

तेव्हा तुझ्या लक्षात आलं असेल की मला पोहता येत नाही. मला तरंगताही येत नाही. मी आंघोळीलासुद्धा तांब्याच वापरतो, कारण डोक्यावरून सलग पाणी आलं की मला कालवा आठवतो. आणि अशा माणसाच्या परसात आठ फूट पाणी येऊ घातलं होतं. मी सरळ नाही म्हणालो असतो, पण गुडघे तिचे, कल्पना माझी, आणि फळी माझ्या सन्मानार्थ. म्हणून मी ठरवलं, की विरोध करायचा नाही, तांत्रिक सुधारणा सुचवायच्या.

पहिली सुधारणा खोलीची. मी हौदवाल्यांना म्हणालो की या भागात सहा फुटांवर खडक लागतो. त्यांनी पहार मारून पाहिली, खडक लागला नाही, पण अंगणाचा मालक खडक खडक करतोय म्हटल्यावर त्यांनी आठाचे सहा केले. मग मी पंपाचा अभ्यास केला. जेवढं पाणी जास्त तेवढा पंप मोठा, आणि पंप मोठा म्हणजे घरघर मोठी, शेजारच्यांना दुपारची झोप लागणार नाही. (ज्या शेजाऱ्यांशी मी फाटकाच्या रंगावरून दोन वर्षं बोलत नाही, त्यांच्या झोपेची मी इतकी काळजी केली की तुझी बहीण माझ्याकडे बघतच राहिली.) सहाचे पाच झाले. मग वाळूच्या फिल्टरवर आलो, की पाणी कमी असलं तर ते लवकर गाळून होतं आणि औषधही कमी लागतं. पाचाचे साडेतीन झाले. हौदवाल्यांना एक सवय आहे. त्यांना काही पटलं नाही की ते मोजपट्टीची कळ दाबतात आणि ती खाडकन आत जाते. साडेतीनला ती इतक्या जोरात गेली की स्वतःच्याच बोटाला लागल्यासारखे ते कळवळले. म्हणाले, साहेब, आणखी कमी केलंत तर याला तलाव म्हणता येणार नाही, गळती म्हणावी लागेल.

एवढं जमल्यावर मी सुरक्षेकडे वळलो. मूळ आराखड्यात एक शिडी होती. मी चार कोपऱ्यांना चार मागितल्या आणि लांबीच्या दोन्ही बाजूंना मध्यावर एकेक. शिवाय चारी बाजूंनी धरायला कठडा, मधोमध एक दोर, न घसरणाऱ्या खरखरीत फरशा, तळाशी दिवे (तळ कुठे आहे हे माणसाला सतत दिसलं पाहिजे) आणि भिंतीवर टांगायला आठ रबरी चकत्या, त्या ज्या बुडणाऱ्याकडे फेकतात. हौदवाल्यांनी शांतपणे विचारलं, "घरात माणसं किती?" म्हटलं, दोन. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मोजपट्टी खाडकन सोडली. तुझी बहीण मात्र प्रत्येक सुधारणेला हो म्हणत होती, आणि तेच मला खटकायला हवं होतं. लग्न झाल्यापासून तिनं माझ्या एका पडद्यालाही हो म्हटलेलं नाही.

मग गेल्या आठवड्यात ती मला सामान बघायला दुकानात घेऊन गेली. तिथे तळ साफ करणारं एक यंत्र आहे, कासवाएवढं. ते आपलं आपण पाण्यात उतरतं, तासभर बुडून काम करतं आणि शांतपणे वर येतं. त्याला दम लागत नाही, त्याच्या नाकात पाणी जात नाही आणि त्याला कुणी सासरे नाहीत. मी बराच वेळ त्याच्यापाशी उभा होतो. तेवढ्यात विक्रेत्यानं विचारलं, घरात पोहणारं कोण? आणि तुझ्या बहिणीनं माझ्याकडे बोट दाखवून भोवऱ्यासकट सगळी गोष्ट सांगितली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं ऐकायला थांबली. एकानं माझा हात हातात घेतला. आणि त्या भरात तिनं उडी मारायची फळी पसंत केली, लवचीक, निळी, अगदी उत्तम प्रतीची. विक्रेता म्हणाला, हिला खाली निदान नऊ फूट पाणी लागतं. ती म्हणाली, "मग नऊ करू." खडक, पंप, शेजाऱ्यांची झोप, वाळू, सगळं एका वाक्यात पाण्यात गेलं. मी सुचवून पाहिलं की फळी टॉवेल वाळत घालायला छान होईल, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तेव्हापासून मी शिकायला लागलोय. वाचनालयातून पोहण्याचं पुस्तक आणलं आणि त्याला बागकामाच्या पुस्तकाचं वेष्टन घातलं. अडगळीच्या खोलीत स्टुलावर पोट टेकून हातपाय मारतो. पुस्तकात म्हटलंय की शरीर सैल सोडा. मी सोडलं, तेव्हा स्टूल एकीकडे गेलं आणि मी दुसरीकडे. श्वास रोखण्यासाठी बादलीत डोकं घालून बसलो होतो तर ती दारात येऊन उभी. मी म्हटलं, पाणी तपासतोय. तिनं विचारलं, कसं आहे? मी म्हटलं, गार आहे. ती बरं म्हणून गेली. अंगणात चुन्याच्या फक्कीने तलावाची रेघ मारली आहे, काल तिच्या आत पालथा पडून मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन पाहिलं. कोरड्यातही मला अर्ध्यावर धाप लागली. हौदवाले केव्हापासून मागे उभे होते कोण जाणे. त्यांनी मोजपट्टी वाजवलीसुद्धा नाही, यावरून काय ते समज.

तू म्हणशील, सांगून टाक की सरळ. सांगितलं असतं रे. मला पाण्याची भीती वाटते, पण त्याहून तिच्या चेहऱ्याची वाटते. पाहुणे आले की ती अजूनही ती गोष्ट सांगते आणि सांगताना मधेच माझ्याकडे बघते. माझे केस गेले, टोमॅटो गेले, बढती तर आलीच नाही, पण तेवढं एक बघणं एकतीस वर्षं तसंच राहिलंय. ते गेलं तर माझ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काही नाही. असो. बाकी सर्व क्षेम आहे, हवा चांगली आहे. बाबांना आणि वहिनींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
तूच काठावर आणून ठेवलेला

ता. क. काम नाही म्हणालो खरा, पण एक बारीकसं आहे. तलावाचं उद्घाटन पुढच्या महिन्याच्या अखेरीला आहे आणि बाबांनी फोनवर तुझ्या बहिणीला सांगितलंय की जावयाची उडी बघायला मी पुढच्या रांगेत बसणार. तेव्हा तू त्याआधी पंधरा दिवस ये, पाठीला हवापालट म्हणून, आणि मला कुठल्यातरी लांबच्या तलावावर नेऊन पोहायला शिकव. निदान पडल्यावर वर यायला तरी शिकव. पडणं मला जमेल.

ता. क. २. जमत नसेल तर आधीही येऊ नकोस आणि नंतरही येऊ नकोस, पण मग बाबांनाही आणू नकोस. कानाचं यंत्र बिघडल्यामुळे आमंत्रण ऐकूच आलं नाही असं म्हणता येईल.

ता. क. ३. हे पत्र वाचून लगेच फाडून टाक. पाकीट तयार आहे, पण घरातला डिंक तीन दिवस झाले कुठे दिसत नाही. पत्र टेबलावर शब्दकोशाखाली ठेवून तो शोधायला जातो.

दादा, डिंक माझ्याकडे होता. तीन दिवस हे पाठ फिरवून काहीतरी लिहीत होते, म्हणून काढून ठेवला होता.

मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्या दिवशी तुम्ही दोघं दारात उभे होतात तेव्हा यांच्या बुटांतून पाणी येत होतं आणि तुझ्या चपला तुझ्या हातात होत्या, कोरड्या. वाचवायला उडी मारणारा माणूस पायातलं आधी काढतो, एवढं मला तेव्हाही कळत होतं. बाबा यांना मिठी मारून आत गेले आणि तू कपडे बदलायला पळालास. हे तिथेच उभे राहिले, आईला म्हणाले की माझ्यामुळे फरशी ओली झाली, आणि फडकं मागून घेऊन, कुडकुडत, सगळी पडवी पुसत बसले. मी होकार त्या माणसाला दिला होता, वाचवणाऱ्याला नाही. पाहुण्यांना गोष्ट सांगताना मी बघते ते यांचे कान कसे लाल होतात ते.

फळी मी घेतलेलीच नाही. वाटलं होतं, इतकं अडकल्यावर तरी खरं बोलतील, पण बोलायच्या ऐवजी शिड्याच वाढत गेल्या. तलाव सगळा चार फुटांचा होणार आहे, हौदवाल्यांशी माझं आधीच ठरलंय. शिकवायला एक बाई येणार आहेत, आम्हा दोघांनाही. ते मी यांना सांगेन सावकाश, स्टूल मोडायच्या आत.

बाबांना मात्र काही सांगायचं नाही. त्यांना ती गोष्ट फार प्यारी आहे. तेव्हा तू त्यांना घेऊन ये, त्यांना पुढे बसव आणि काठावरून जाताना जरा घसरून आत पड. चार फुटांतून हे तुला बाहेर काढतील, तोवर तेवढं मी शिकवून घेते.

फक्त या वेळी चपला पायात असू देत.