कमरेखालची दुखापत

१९ फेब्रुवारी
— आणि डावा पाय बाहेर गेलाच नाही. पक, ती रबरी चकती, माझ्या बुटाशेजारून सरकत जाळीत गेली, अगदी सावकाश. मी बर्फावर गुडघे टेकून नुसता पाहत राहिलो. आइस हॉकीचा सरावच होता. वोलोशिनने, आमच्या प्रशिक्षकाने, शिटी वाजवली आणि सराव संपवला.

कपडे बदलायच्या खोलीत सगळेच डॉक्टर. वोलोशिनच्या मते जांघेतला स्नायू ताणलाय. गोलरक्षकाला दुसरं होणार काय? संघातल्या लाईल प्रुडेनने मला उभं करून खोकायला लावलं. त्याचा हर्निया गेल्या वर्षी शिवला, तेव्हापासून त्याला जगात हर्नियाच दिसतो. कोपऱ्यातून कुणीतरी मुतखडा म्हणालं.

"लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिथे दुखायचं कारणच काय?" लाईल म्हणाला. सगळे हसले. मीही. हसताना दुखलं.

निघताना वोलोशिनने दारात अडवलं. कुणी विचारलं तर म्हणायचं, कमरेखालची दुखापत. एवढंच. डावी की उजवी ते सांगायचं नाही. नाहीतर समोरचे तिथेच मारतात. बायकोलाही सांगायचं नाही.

लिओना माहेरची शेजारच्या लिंडॉल गावची, म्हणून. फायनल लिंडॉलशी आहे.

२२ फेब्रुवारी
शाळेत उभ्यानेच शिकवलं. बसलं की जड होतं.

२५ फेब्रुवारी
बर्फाची पिशवी. मलम. पट्टी. सकाळी बरं, दुपारी पुन्हा तेच. कळ म्हणावी तर कळ नाही. ओढ आहे — खालून कुणी वजन टांगल्यासारखी. कधी ओटीपोटात जाते, कधी कमरेत. स्नायू असा दुखतो? दुखत असेल. वीस वर्षं मी याच गोलसमोर पाय फाकवतोय.

मधल्या सुट्टीत इंटरनेटवर वाचलं. स्नायू, हर्निया, खडा, प्रोस्टेट, खुब्याचा सांधा, दबलेली नस. त्याखाली आणखी एक होतं. वर्ग भरायची घंटा झाली. ते पान पुन्हा उघडलं नाही.

२८ फेब्रुवारी
लिओनाने पिरोगी केल्या होत्या, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या. ओट्याशी उभा राहून खाल्ल्या. ती टेबलाशी एकटी बसली होती. भिंतीकडे तोंड करून का झोपतोस, तिने विचारलं. जवळ का येत नाहीस. तिच्या मनात दुसरंच काही असावं. बाईबिई. तसं ती म्हणाली नाही.

कमरेखालची दुखापत आहे, मी म्हणालो.

तिने काटा खाली ठेवला. "ओरेस्ट, मी नक्की कुणाच्या संघात आहे रे?"

मी बशी धुवायला घेतली. थोड्या वेळाने तिने माझ्यासाठी दवाखान्यात वेळ घेतली. फोनवर तीही म्हणाली — कमरेखाली. तिला तेवढंच ठाऊक.

३ मार्च
आमच्या आणि लिंडॉलच्या मधे एकच दवाखाना, त्यात एकच डॉक्टर. फ्रीसन. लिंडॉलकडून पुढे खेळतो. त्यांचे निम्मे गोल त्याचेच.

दुखतं कुठे, त्याने विचारलं. जांघेत, मी म्हणालो. कुठल्या बाजूला?

"उजव्या."

तोंडातून निघून गेलं. आधी ठरवलं नव्हतं. पण एवढी वर्षं खेळल्यावर ठरवावं लागत नाही.

त्याने पॅंट काढून पडायला सांगितलं. मी नाही म्हणालो. समोरच्या संघातल्या माणसापुढे! फायनल होऊ दे, मग काय ते बघ. तो माझ्याकडे बराच वेळ बघत होता. हसला नाही. खाली काही सुजलंय का, गाठ लागते का, जडपणा आहे का, एकेक विचारत गेला. मी नाही, नाही म्हणत गेलो. गोळ्या लिहून दिल्या. "शनिवारनंतर ये. मी विसरणार नाही," म्हणाला.

वोलोशिनला सांगितलं. त्याने पाठीवर थाप मारली. शाब्बास!

गाडीत बसून राहिलो. आपण कुणाला फसवलं, ते नीट कळेना.

६ मार्च
आंघोळ करताना तिथे हात लावायचा टाळला. टाळतोय, हे आजच लक्षात आलं.

८ मार्च
हरलो.

शेवटची दोन-तीन मिनिटं. बरोबरी. फ्रीसन एकटा सुटून आला. समोर फक्त मी. मी डावीकडे सरकून उभा होतो, दुखरा पाय झाकून. उजवी बाजू सताड उघडी. लहान पोरानेही तिथेच मारला असता. त्याने तिकडे पाहिलं. पाहिलेलं मला दिसलं. आणि मारला डावीकडे.

पाय गेला नाही. मी आडवा पडलो आणि उठता येईना. लाईलने काखेत हात घालून उभं केलं. तो काही विनोद करेल असं वाटलं होतं. केला नाही.

मग रिवाजाप्रमाणे दोन्ही संघ रांगेत, हातमोजे काढून एकमेकांचे हात हातात घेत. फ्रीसनने माझा हात धरला तो सोडलाच नाही. मागची रांग थांबली.

"तू उजवी म्हणालास," तो म्हणाला. "दुखऱ्या बाजूला कसा मारू?"

मी खाली बघत होतो.

"डावी आहे ना?"

मी मान डोलावली.

"सकाळी ये. रविवार असला तरी मी दवाखाना उघडतो. लिओनाला घेऊन ये."

मागून वोलोशिन ओरडत होता, काय बोलताय रे दोघं?

घरी येताना गाडी लिओनाने चालवली. कोण जिंकलं, तिने विचारलं नाही. ती प्रेक्षकांत होती. कुठल्या बाजूला बसली होती, मी पाहिलं नव्हतं.

९ मार्च
सकाळी दवाखाना. फ्रीसनने तपासलं. स्नायू ठीक आहे. हर्निया नाही. डाव्या अंडाला टणक गाठ आहे. उद्या शहरात, सॅस्काटूनला, सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी. त्याला वाटतंय तसा कॅन्सरच निघाला तर याच आठवड्यात अंड काढतील. लिओना बाहेर बाकावर होती. मी तिच्याशेजारी बसलो आणि काय आहे, कुठे आहे, नाव घेऊन सांगितलं.