बोलण्याची नक्कल मिळणेबाबत

अमरावती,
ता. १६ जानेवारी २०२०

आदरणीय सत्तारभाई यांना पुंजारामचा जय भीम आणि सलाम.

तुमची शुगर कशी आहे, पायाची जखम भरली का, आणि अकोल्याची थंडी अजून सोसते का, हे आधी कळवावं. माझी प्रकृती बरी आहे. जेवण एक वेळ करतो, कारण दोन वेळ केलं तर भांडी दोनदा घासावी लागतात. माझी बायको भागीरथा गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही काठी टेकत आलात आणि मी तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही. हे मला तुम्ही गेल्यावर चार दिवसांनी आठवलं. फोन करून माफी मागता आली असती, पण माझं फोनवरचं बोलणं तुम्हाला ठाऊक आहे. हो, बरं, ठेवतो. एवढ्यात माफी बसत नाही. शिवाय पुढची सगळी हकीकत फोनचीच आहे, ती त्याच्याच तोंडावर कशी सांगायची?

गेल्या वर्षी फेब्रुवारीत पेपरच्या शेवटच्या पानावर आलं की मोबाईल घरातलं सगळं बोलणं ऐकतो आणि कंपनीला कळवतो. त्या दिवशी पहिल्या पानावर नेहमीप्रमाणे आणेवारी, बोंडअळी आणि शेजारच्या तालुक्यातली दोन मरणं होती. ती मी वाचली आणि पान उलटलं. घाबरलो ते शेवटच्या पानानं. (आज याची लाज वाटते.) त्याच आठवड्यात भागीरथा म्हणाली की गुडघा ठणकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात हजर. (मी नवरा असून मला तिच्या गुडघ्याचं आठ-आठ दिवस कळत नसे.) जन्मभर सरकारी दफ्तर कुलपात ठेवलेला माणूस मी. लगेच घरात नियम केला. मोबाईल स्टीलच्या डब्यात, तुरीच्या डाळीत खुपसून, वर घट्ट झाकण. कोणाला फोन करायचा तर तो काढायचा, डाळ झटकायची, बोलायचं आणि पुन्हा पुरायचा. घरातलं खाजगी बोलायचं तर अंगणात, नळ सोडून, म्हणजे पाण्याच्या आवाजात ऐकू जाणार नाही. (आमच्याकडे नळ दिवसाआड येतो, त्यामुळे खाजगी बोलणंही दिवसाआड झालं.)

भागीरथाला हे पटलं नाही. "आपल्या घरात असं काय बोलनं होते का कंपनीनं कान लावावा? आज भाजी कायची करू, हेच ना? आयकू दे त्याले." मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. त्यावर म्हणाली, "तुमी तं हूं बी म्हनत नाई. थो बिचारा आयकून राह्यला, तं त्यालेच डाळीत पुरता?" यावरही मी हूं म्हटलं नाही.

सप्टेंबरात ती गेली, ते तुम्ही जाणताच. सकाळी छातीत दुखलं, दुपारी संपलं. त्याआधीचे सात महिने आमचं घर अगदी शांत होतं, आणि मी त्याला शिस्त समजत होतो.

मागच्या महिन्यात शेजारच्या पार्बताबाई ताक घेऊन आल्या आणि सहज बोलून गेल्या. "भाऊ, तुमी बाहेर गेले का भागीरथा डब्ब्यातून मोबाईल काढे. समोर ठेवे अन् भाकरी थापता थापता बोले. मी म्हनो, कोनाचा फोन हाय वं? तं म्हने, कोनाचा नाई, कंपनीले सांगून राह्यली." काय सांगायची, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमचंच असन. दुसरं काय होतं तिले?" आणि ताकाचं भांडं मागून निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी तुमची शिकवण आठवली. नक्कल विभागात मी रुजू झालो तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, "कागज रेकॉर्ड में है ना पुंजाराम, तो नकल देनाच पडता." मग कंपनीनं ऐकलं असेल तर ठेवलं असेल, आणि ठेवलं असेल तर नक्कल द्यावीच लागेल. मी अर्ज लिहिला. विषय: मयत पत्नी भागीरथा हिचे माहे फेब्रुवारी ते सप्टेंबर या कालावधीतील बोलणे, नक्कल मिळणेबाबत. सोबत मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्डाची झेरॉक्स जोडली, कोर्ट फी तिकीट चिकटवलं आणि ऑटोनं राजकमल चौकात मोबाईलच्या दुकानात गेलो.

काउंटरवर मिस्बाह नावाची मुलगी होती. (नाव छातीवरच्या पट्टीवर होतं.) तिनं अर्ज दोनदा वाचला. म्हणाली, "काका, आमच्याकडे असं काही नसते. आँटींनी गुडघ्याचं मोबाईललाच विचारलं असेल, बोलून विचारता येते. म्हणून जाहिरात आली." मी म्हटलं, ते चौकशीत निघेल, तुम्ही आवक क्रमांक द्या. माझ्यामागे सात-आठ माणसं उभी होती, त्यातला एक म्हणाला, देऊन टाक वं बाई. तिनं पेन घेतला आणि माझ्या प्रतीवर 'आवक क्र. १' लिहून सही केली, तारीख टाकली. मग मला खुर्ची दिली, पाणी दिलं. दुकानाला आवक नोंदवही नसते हे मला कळत होतं, सत्तारभाई. तरी मी ती प्रत घडी करून खिशात ठेवली.

भाभींना सलाम सांगावा. पायाची काळजी घ्यावी.

तुमचा,
पुंजाराम तायडे

ता. क. : तुमची लेक निखत पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे. अशी बोलणी कोणत्या दफ्तरात राहतात, हे तिला विचारावं आणि माझा अर्ज तिथे पोचता करायला सांगावा. खरं तर पत्र याचसाठी लिहिलं. नक्कल निघालीच तर तीत माझ्याविरुद्ध पुष्कळ असेल. तो भाग कोणी गाळू नये.

ता. क. दुसरा : मिस्बाह खरं बोलत होती, हे मला दुकानाची पायरी उतरतानाच समजलं. नोकरीत मी किती अर्जांवर 'अभिलेख आढळून येत नाही' असा शेरा मारला, ते तुम्ही पाहिलं आहे. त्यातल्या काहींसाठी मी दफ्तराची खोली उघडलीसुद्धा नव्हती, हे तुम्हाला आज सांगतो. माणसं शेरा वाचून थोडा वेळ तिथेच उभी राहत. तेव्हा निखतनं मला तसं लिहू नये. अर्ज विचाराधीन आहे, एवढंच कळवावं, आणि सहा-सहा महिन्यांनी कळवत राहावं.