आकडा उतरल्याचे पेढे

तरसाली, बडोदे

ती. कुसुमावतीताईस, धाकट्या हंबीररावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? (जिना चढू नको म्हटलं की तुला नेमकं माळ्यावरचंच काहीतरी हवं असतं.) फोनवर तू फक्त बोलतेस, ऐकत नाहीस, म्हणून हे पत्र.

माझं म्हणशील तर, आयुष्यात एक विडी न ओढता फुप्फुसाचा कॅन्सर, तोही थेट चौथ्या स्टेजचा, मिळवणारा आपल्या घराण्यातला मी पहिलाच. रोज एक गोळी खातो आणि दर दोन महिन्यांनी रक्त देतो. त्या रक्तात गाठीचे बारीक तुकडे किती तरंगताहेत ते मोजतात. आकडा उतरला म्हणजे गोळी लागू पडते आहे. इतकं सरळ आहे, पण सरळ गोष्ट आपल्या लोकांना पचत नाही.

पहिल्यांदा आकडा उतरला तेव्हा वसुंधरेने आनंदाच्या भरात सोसायटीत पेढे वाटले. झालं! दुसऱ्यांदा उतरला, पुन्हा पेढे. आता समोरच्या निरुपमाबेन गॅलरीतून क्रिकेटचा स्कोअर विचारावा तशा ओरडतात, "हंबीरभाई, आ वखते केटलो आव्यो?" श्रेयही वाटून झालंय. निरुपमाबेन म्हणतात, त्यांच्या कारल्याच्या रसाने उतरला. वसुंधरा म्हणते, खंडोबाच्या नवसाने. खालचे हिंमतराव म्हणतात, त्यांनी शिकवलेल्या कपालभातीने (त्यांना स्वतःला पहिल्या मजल्यावर येताना दम लागतो). मी एकदा गोळीचं नाव काढलं तर तिघंही रुसली. रस अजून चालू आहे.

गेल्या सोमवारी तिसरा रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी खाली बाकावर बसलो होतो आणि अर्धी सोसायटी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी उठलो, दोन किलो पेढे आणले आणि वाटून टाकले. वसुंधरेनेही खाल्ला, अर्धा मला भरवला. तुझ्या वाटचे सोबतच्या डब्यात आहेत. आधी खा, मग पुढे वाच.

तुझा
हंबीर

ता. क. पेढा खाल्लास? आकडा वाढलाय, ताई. चांगला तिप्पट. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर हातपाय गाळू नका, वीस तारखेला स्कॅन करू, मग गोळी बदलायची का ते ठरवू. मला भीती वाटते. वसुंधरेला सांगायला तोंड उघडत नाही. तू ये आणि तूच सांग. माझं नापासाचं प्रगतिपुस्तकसुद्धा आबांना तूच दाखवायचीस.

आणखी ता. क. पत्र डब्यात ठेवायला वसुंधरेकडेच देतो आहे. काळजी नको, चाळीस वर्षांत तिने दुसऱ्याचं पत्र कधी उघडलेलं नाही.

वन्सं, नमस्कार. मी उघडलं नाही, ह्यांनी पाकीट चिकटवलंच नव्हतं. रिपोर्ट सोमवारी माझ्याही मोबाइलवर आला होता (लॅबच्या फॉर्मवर दुसरा नंबर ह्यांनीच माझा लिहिलाय). मी तो वाचून डोळे पुसतेय, तोवर हे पेढे घेऊन दारात उभे. खाल्ला, काय करणार! तुम्ही वीस तारखेच्या आधी या. मला काही सांगायला नको. मला माहीत आहे, एवढं ह्यांना सांगायला या.
वसुंधरा