आठवी गाडी

विचुंबे, पनवेल
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय निनादभाऊजी,

नमस्कार. इथे सगळे ठीक आहोत. बाबांचा खोकला उतरला आहे. आईंचा गुडघा थंडीत धरतो, पण ओटीवर बसून जवळा निवडतात. आपल्या पूर्वीची सहामाही परीक्षा झाली, तिला गणितात चाळीसपैकी छत्तीस. तुमचं भरूचचं जेवण सुधारलं का? कंपनीच्या कॅन्टीनमधल्या गोड आमटीचं सांगून तुम्ही आईंना फार हसवलं होतंत, त्याला आता दोन वर्षं झाली.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनवर आई-बाबा शेजारी असतात, आणि हल्ली तुमचं-माझं बोलणं दोन मिनिटांच्या वर जात नाही.

दीपेशच्या मोटारसायकलचं विचारलंत. पोलिसांकडून सुटून चार महिने झाले, कागद माझ्या नावावर झाले, तरी ती अजून अंगणात का उभी आहे, असं. खरं आहे. तुमच्या दादाच्या राज्यात कुठली गाडी इतके दिवस उगाच उभी राहिली असती? तेरा वर्षांत आठ गाड्या. दीड वर्ष झालं की त्याला ती म्हातारी वाटायची. टायर झिजायच्या आत नावेद येऊन घेऊन जायचा आणि आठवड्याभरात दारात दुसरी. नावेद म्हणजे पनवेलचा जुन्या गाड्यांवाला, तुम्ही ओळखता. बाबा बावीस वर्षं एकच गाडी चालवतात, ते म्हणायचे, "बैल पन यापेक्षा जास्त दिस राहतो घरान." दीपेश हसायचा. पण ही आठवी घेतली आणि म्हणाला, ही नाही विकायची. अडीच वर्षं ठेवली. का, ते मी विचारलं नाही.

गेल्या रविवारी नावेदला बोलावलं होतं. त्याने टाकीवरचा पोचा पाहिला, वाकलेलं हँडल पाहिलं. मग गाडीवर बसला आणि लगेच उतरला.

"भाभी, सीट कापून खाली केलीय ही."

"हो. दीपेशनेच कापून घेतली."

"कशाला? त्याचे पाय तर जमिनीला टेकून उरायचे."

मी म्हटलं, त्याची कंबर दुखायची. नावेदने क्लचवर बोटं ठेवली, मग ब्रेकवर. "लिव्हरपण आत घेतलेत. लहान हाताला लागतात तसे." मग म्हणाला, "नेतो म्हणाल तर आज नेतो. पण नेल्यावर सीट बदलणार, लिव्हर बदलणार. अशी गाडी गिऱ्हाईक घेत नाही. एकदा बदललं की ही कुणासाठी केली होती ते दुनियेत कुणाला कळणार नाही. तुम्ही ठरवा." मी चहा ठेवला होता, तो न घेताच गेला. त्याला काय म्हणायचं होतं मला कळलं नाही.

अपघातात दीपेशच्या डोक्यावर हेल्मेट का नव्हतं, ते तुम्ही पुन्हा विचारलंत. त्या सकाळी घाई होती, आणि हेल्मेट एकच होतं.

बाबा अजून दर महिन्याला नेऱ्याला जातात. त्या अपघातात गेलेल्या वेणूबाईंच्या दारात उभे राहतात. त्यांची मुलगी निशा दार उघडत नाही. बाबा उन्हात थोडे थांबून परत येतात आणि हातपाय धुतात. आईंनी हळदीला, लग्नाला जाणं सोडलं आहे. दीपेशच्या वर्षश्राद्धाला तुम्ही आला नाहीत. "दादाने एका बाईचा जीव घेतला आणि बापाला मान खाली घालायला लावली," असं तुम्ही बाबांना म्हणालात. त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

गाडीचं काय करायचं ते सांगा. तुम्ही विका म्हणालात की मी विकते.

तुमची वहिनी,
रुचिरा


विचुंबे
२२ नोव्हेंबर २०२५

निनादभाऊजी,

तुमचा मेसेज मिळाला. एकच शब्द, "विका". त्यावर मी नावेदला फोन लावला आणि त्याने उचलायच्या आत ठेवून दिला.

मागच्या पत्रात मी तुमच्याशी खोटं बोलले. नावेदला काय म्हणायचं होतं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तुम्ही "विका" म्हणावं आणि ती सीट माझ्या डोळ्यांसमोरून जावी, तुमच्या सांगण्यावरून जावी, म्हणून मी ते पत्र लिहिलं.

गाडी मी चालवत होते.

दीपेशने ती माझ्यासाठीच ठेवली होती. खारघरला लॅबमध्ये जायला मला दोन रिक्षा बदलाव्या लागायच्या, परतताना तर तासभर उभी असायचे. तो म्हणाला, तू शीक, मग ही तुझी. सीट कापून आणली, लिव्हर माझ्या बोटांना पुरतील असे करून घेतले. घरात कुणाला सांगितलं नाही, कारण बाबांना बायकांनी गाडी चालवलेली आवडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. एक दिवस लायसन्स दाखवून त्यांना चकित करायचं, असा त्याचा बेत होता. सहा रविवार आम्ही नेऱ्याच्या रस्त्याला जात होतो. तो मागे बसायचा आणि कानाशी बोलत राहायचा, "घाबरू नको, मी आहे ना." हेल्मेट माझ्या डोक्यावर. तो सातवा रविवार होता.

सकाळचे सात वाजले होते. वळणावर वेणूबाई भाजीची पाटी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. त्या मला दिसल्या होत्या, भाऊजी. लांबून दिसल्या होत्या. मी ब्रेक दाबायला गेले आणि घाबरून त्याच हाताने ॲक्सिलरेटरची मूठ पिळली. गाडी थांबायची ती उसळली. त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. रस्त्याभर पसरलेली भेंडी. वेणूबाईंची एक चप्पल. आणि दीपेश उठून बसलेला, शुद्धीवर, कानातून रक्ताची बारीक धार.

रस्त्यावर कुणी नव्हतं. लोक धावत येताना दिसले तेव्हा तो म्हणाला, "तू मागे बसली होतीस. तुझ्याकडे लायसन्स नाही, पूर्वी लहान आहे. काही बोलू नको. मी निस्तरतो." माझ्या डोक्यावरचं हेल्मेट त्यानेच काढलं. पोलिसांनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं? तो म्हणाला, मी. तेव्हा आम्हाला वाटत होतं त्याला थोडंसंच लागलं आहे. तो वाचणार आणि निस्तरणार, असं मी धरून चालले होते. तिसऱ्या दिवशी तो गेला. आरोपीच राहिला नाही म्हणून केस बंद झाली आणि मी बोलायची राहिले.

चौदा महिने राहिले. आधी वाटायचं, त्याची शेवटची इच्छा होती. नंतर ते वाटेनासं झालं, तरी गप्पच होते. बाबा नेऱ्याहून परत आले की मी त्यांना पाणी नेऊन द्यायचे. माझ्याच हातून प्यायचे ते.

मंगळवारी मी आई-बाबांना समोर बसवून सांगितलं. बाबा गाडीपाशी गेले, कापलेल्या सीटवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. आई म्हणाल्या, "मंजे माज्या पोरानं काय केला नाय?"

"नाही, आई."

"आनि मी चौदा महिने त्याच्या फोटोला शिव्या देतंय. रोज दिवा लावताना. तू बाजूला उभी राहून आयकत होतीस." त्या रडल्या नाहीत. "या घरान राव तू, पोरीची आई हाईस. पन मला आई बोलू नको."

मी त्यांना हाक मारत नाही आता. पत्रात हात आपोआप लिहून जातो.

बुधवारी नेऱ्याला गेले, एकटी, बसने. निशाने मला ओळखलं नाही, म्हणून दार उघडलं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सगळं सांगितलं. ती माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असेल. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तो म्हातारा दर महिन्याला येतो. मी त्याच्या तोंडावर दार लावते. पाणीसुद्धा विचारला नाय कदी. त्याचा पोरगा निर्दोष व्हता आनि तुला म्हाईत व्हता?" मी हो म्हटलं. "माजी आई तर गेलीच. पन मला पन तू पापी केलास," ती म्हणाली, आणि दार लावलं.

पूर्वीला काल सांगितलं. नऊ वर्षांच्या मुलीला कसं सांगतात मला माहीत नव्हतं, म्हणून जसं झालं तसंच सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे शाळेत मुलं पप्पांना म्हणतात ते खोटं आहे?" खोटं आहे म्हटल्यावर तिचा चेहरा असा उजळला, भाऊजी, की या वर्षात मी तो तसा पाहिला नव्हता. मग हळूहळू तिला पुढचं कळलं. काल ती आजीजवळ झोपली. आज तिने आपली उशीही तिकडे नेली आहे.

सोमवारी अकरा वाजता मी पोलीस स्टेशनला जबाब द्यायला जाते आहे. वकील अरुंधतीताई बरोबर येणार आहेत. त्या म्हणाल्या, केस पुन्हा उघडेल, माझ्यावर गुन्हा लागेल, अटकही होऊ शकते. पुढे काय, ते त्यांनाही सांगता येत नाही. गाडी आहे तशी ठेवायला सांगितली आहे. नावेदही येऊन जबाब देणार आहे. मी विचारायच्या आधीच तो तयार होता. "मी त्या दिवशीच ओळखलं होतं, भाभी," म्हणाला, "पण बोलायचा हक्क तुमचा होता."

तुमच्याकडे एक मागणं आहे. मला जावं लागलं तर पूर्वीसाठी या. बाबा थकले आहेत, आणि तिला तिच्या पप्पांविषयी चांगलं सांगणारं माणूस घरात हवं. ते मी सांगितलं तर आता तिला ऐकवणार नाही.

आणि घरी याल तेव्हा आधी दादाच्या फोटोसमोर उभे राहा. तुमच्या माफीची त्याला गरज नाही. त्याने काही केलंच नव्हतं, फक्त मागे बसून मला धीर देत होता. तुमच्या मनातला राग अजून तसाच असेल, तर तो विझवू नका. तो माझा आहे.

रुचिरा दीपेश मढवी