विंचचा खटका वाकडा का होता

प्रिय मामा,

बोरिवलीच्या पाटीलसाहेबांचा फोन सकाळपासून लागत नाहीये. अकरा वेळा लावून झाला. दर वेळी तोच आवाज सांगतो की ते संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत. दुसऱ्या कामाला हात लागत नाही, डबा उघडावासा वाटत नाही, म्हणून कामाच्या वहीची मागची कोरी पानं फाडून तुला लिहायला बसलोय. तू जाऊन आठ महिने झाले. इतक्या दिवसांत तुला मुद्दाम कळवावं असं काही घडलं नव्हतं. आता घडलंय, आणि ते चांगलं नाही.

मुलुंडच्या नायक मॅडम आठवतात ना? दातांच्या डॉक्टर. दवाखाना बंद असला की नवऱ्याला बाजूला बसवून जीप डोंगरात घालणाऱ्या. त्यांच्या जीपच्या पुढच्या बंपरवरची विंच तूच बसवली होतीस. चिखलात गाडी रुतली की दोर झाडाला बांधायचा आणि मोटरने गुंडाळत गाडी ओढून काढायची. तिचा खटका तू स्टिअरिंगच्या डावीकडे, खाली, एकटाच आणि वाकडा लावला होतास. त्याच्यावर टोपीसारखा चढवलेला जुन्या गॅसच्या नळीचा हिरवा तुकडा.

मला तो खटका कधीच आवडला नाही, मामा. इतका हुशार वायरमन, बॉनेटखाली तुझी प्रत्येक वायर पट्टीने आखल्यासारखी, आणि माणूस जिथे बसतो तिथे हे असलं? मी दोनदा विचारलं होतं. एकदा तू म्हणालास, "असांदे रे." दुसऱ्यांदा तोंडात स्क्रू होते म्हणून नुसती मान हलवलीस.

तू हॉस्पिटलात असताना पाटीलसाहेबांची जीप आली. डॅशबोर्ड नवीन करायचा होता. मी पाच बटणं एका ओळीत बसवली. वरचे दिवे, धुक्याचे दिवे, पंखा, विंच, हॉर्न. सगळी एकाच मापाची, एकाच काळ्या रंगाची. खाली स्वतःच्या अक्षरात नावं लिहून पट्ट्या चिकटवल्या. विंचच्या बटणावर वर 'आत', खाली 'बाहेर'. ते काम करताना मी किती खूश होतो! दहावी सुटल्यावर पहिल्यांदा कुणीतरी माझं अक्षर बघणार होतं.

फोटो काढून तुला दाखवायला आलो होतो. तू मोबाइल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितलंस. मग म्हणालास, "हाताक वाचूक येता काय रे, मास्तर?"

मला वाटलं, तू माझ्या शिक्षणावरून बोललास. पाट्यांवरच्या चुका काढतो म्हणून तू मला मास्तर म्हणायचास ते मला चालायचं. पण त्या दिवशी लागलं. मी मोबाइल खिशात टाकला आणि नर्सला काहीतरी विचारायचं निमित्त करून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा तुला झोप लागली होती. नंतर तो विषय तूही काढला नाहीस, मीही नाही. का नाही काढलास, मामा?

त्यानंतर घाटकोपरच्या मेहतांची जीप तशीच केली. आणि गेल्या आठवड्यात नायक मॅडमची. तुझा वाकडा खटका मी काढला आणि भंगाराच्या डब्यात टाकला.

परवा दुपारी ती दोघं नवरा-बायको गाडी न्यायला आली. मरोळच्या आपल्या गल्लीत टोकाला टेम्पो उभा होता, त्याला दोराचा हूक अडकवून ओढून बघितलं. झकास ओढलं. मग दोर परत गुंडाळायचा होता. मॅडम आत बसून बटण दाबत होत्या, इंजिन चालू होतं, आणि त्यांचे मिस्टर पुढे उभे राहून हाताने दोर सारखा करत होते. हूक बंपरपासून हातभर राहिला तेव्हा त्यांनी थांबवायला सांगितलं. खाली वाकून म्हणाले, दिवा लाव, फटीत दिसत नाहीये.

मॅडमनी बटण दाबलं. दिवा लागला नाही, म्हणून अजून जोरात दाबलं.

ते बटण विंचचं होतं, मामा. 'आत'.

दोर जिथून आत जातो त्या फटीत हूकबरोबर त्यांचा उजवा हातमोजा गेला. मी ओरडलो, मॅडमनी बोट उचललं, विंच थांबली. हातमोजा एका कडेने चेपून अडकला होता. हात बाहेर होता. हातमोजा सैल होता म्हणून सुटला. तो तुझा चामड्याचा हातमोजा होता, खिळ्याला टांगलेला, मीच त्यांना दिलेला. तुझे हात एवढे मोठे नसते तर?

मॅडम खाली उतरल्या. त्यांनी नवऱ्याची बोटं एकेक करून वाकवून बघितली, दुसऱ्या हाताचीसुद्धा. मिस्टर हसून म्हणाले, "दहा आहेत गं, मोजून झाली असतील तर सोड." त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "बटणं सुंदर दिसतात. पण मी यांच्याकडे बघत होते, बटणांकडे नाही."

गाडी न घेता त्या गेल्या. रविवारी येते म्हणाल्या, तोपर्यंत काय करायचं ते मी ठरवायचं.

ते गेल्यावर मी मीटर घेऊन सगळं तपासलं. बॅटरीपासूनची जाड केबल, मोटरला वीज जोडणारा सोलेनॉइड, डॅशबोर्डवरून त्याला हुकूम देणाऱ्या पातळ वायरी, फ्यूज, अर्थिंगची वायर. तीनदा तपासलं. एकही चूक सापडली नाही. सापडली असती तर बरं झालं असतं. चूक वायरीत नव्हतीच ना? माझ्या सरळ ओळीत होती. चिखलात कोण पट्ट्या वाचत बसणार? माणूस दोराकडे बघतो, समोरच्या माणसाकडे बघतो, आणि हात आपला आपला जातो.

हाताला वाचता येत नाही. म्हणून तो खटका एकटा, वाकडा, वर नळी चढवलेला, न बघता हाताला ओळखू यावा असा. एवढंच सांगत होतास ना तू? मग सरळ सांगायचं ना! मी इतका समजूतदार कधी होतो की मला अर्ध्यात कळावं?

मग आठवलं की तू गाडी देताना गिऱ्हाइकाला डोळे मिटायला लावायचास. "आता खटको गावता काय बघा." बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतचे मोठे मोठे साहेब डोळे मिटून चाचपडायचे आणि मला हसू यायचं. मी ते तुझं नाटक समजत होतो. आठ महिन्यांत मी एकाही गिऱ्हाइकाला डोळे मिटायला सांगितलं नाही.

खरं सांगू? परवा एक विचार आला होता. मॅडमचं तेवढं बदलावं आणि गप्प बसावं. बाकी दोघांची तक्रार कुठे आहे? मी फोन केला की दहा जणांत होणार, मामा गेला आणि भाच्याने गाळ्याची वाट लावली. तुझ्या नावाची पाटी अजून बाहेर आहे. पण तो चेपलेला हातमोजा समोर टेबलावर ठेवलाय, आणि त्याची बोटं फुगलेली आहेत, आत कुणाची तरी असल्यासारखी.

काल मेहतांना फोन केला. ते म्हणाले, मग इतके महिने झोपला होतास काय? मी हो म्हणालो. उद्या गाडी आणतायत.

राहिले पाटील. आणि ते आत्ता कुठल्यातरी डोंगरात आहेत, मी ओळीत लावलेली पाच बटणं समोर घेऊन.

इथे लिहिणं थांबवलं होतं, कारण फोन वाजला. पाटीलसाहेबच होते, एका गावाच्या टपरीवर रेंज आली म्हणून. मी एका दमात सगळं सांगितलं. बॉनेटखालचा विंचचा मेन स्विच बंद ठेवा, विंच लागलीच तर तेवढ्यापुरता तो चालू करून बाहेर उभं राहून हातातल्या रिमोटनेच चालवा, आणि आल्यावर गाडी आधी माझ्याकडे आणा. माझी चूक आहे, असं म्हणालो. मग ते म्हणाले, "दोनदा झालंय रे माझ्याकडून. मला वाटलं मीच वेंधळा. घरी पण बोललो नाही."

दोनदा, मामा. आणि मला ते फोन केला नसता तर कधी कळलंच नसतं.

भंगाराचा डबा पालथा केला. तुझा खटका मिळाला, नळीचा तुकडा मिळाला नाही. घरी मामीला फोन करून जुनी नळी आहे का विचारलं. ती म्हणाली, गेल्या महिन्यात बदलली, दर वेळी ह्यांच्यासाठी ठेवायचे तशी वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवलीय. कुणाला द्यायची ते कळत नव्हतं तिला. मी म्हटलं, मला दे.

आता उठतो. आधी मॅडमच्या गाडीतलं ओळीतलं चौथं बटण काढतो. त्या जागी भोक राहील, दिसू दे. खटका खाली डावीकडे, तुझ्याच जुन्या भोकात बसतो की नाही बघतो. रविवारी मॅडमना आत बसवून डोळे मिटायला सांगेन, मिस्टरांना गल्लीच्या टोकाला उभं करेन, आणि दहापैकी दहा वेळा हात बरोबर गेल्याशिवाय किल्ली देणार नाही. मेहतांना नाही, पाटलांना नाही, यापुढे कुणालाच नाही. आणि त्याआधी प्रत्येक गाडीत मी स्वतः डोळे मिटून बसेन. हा शब्द तुला देतो.

तुझा,
मास्तर